नंबर लागेपर्यंत

आमच्या कर्जतच्या घरात कॅलेंडरच्या मागे, त्याच खिळ्याला, टाइप केलेल्या कागदांची एक चळत अडकवलेली असायची. कडा मुडपलेल्या, डाव्या कोपऱ्यातली टाचणी गंजून तिचा डाग पानापानांत उतरलेला. ती होती सिनिऑरिटी लिस्ट. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, नोकरीत लागल्याची तारीख, सध्याच्या ग्रेडमध्ये आल्याची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, तो बहुतेक रिकामाच. रेल्वेत माणूस महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होतो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, चहा झाला की माझे वडील, अण्णा, ती चळत खाली काढायचे, पेन्सिलीला टोक करायचे आणि आदल्या संध्याकाळी ज्याला हार घातला त्याच्या नावावर एक रेघ ओढायचे. रेघ अगदी हलकी. खालचं नाव वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. मग बोट सरकत सरकत स्वतःच्या नावापाशी यायचं आणि मधली न खोडलेली नावं ते ओठांतल्या ओठांत मोजायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "किती राहिले?" अण्णा आकडा सांगायचे. ताईचं लग्न यंदा करायचं की पुढच्या वर्षी, सोसायटीचं कर्ज किती काढायचं, मला पुण्याला शिकायला ठेवायचं की इथूनच ये-जा करायची, हे सगळं त्या आकड्याच्या हिशेबाने ठरायचं.

हे पुस्तक त्या आकड्याबद्दल आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाने वरच्या गाडीसाठी किती वर्षं थांबायचं, कुणाच्या मागे थांबायचं, आणि थांबता थांबता त्याच्या हाताचं, घराचं, स्वभावाचं काय होतं, याची ही हकीगत. पुढच्या पानांत बोलणारे बहुतेक लोक कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले, नेरळ-भिवपुरीपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात राहणारे रेल्वेचे रनिंग स्टाफवाले आहेत. थोडे विमानाचे पायलट आहेत. या दोघांना एकत्र का बसवलं, ते ओघात येईल.

आधी जागा सांगते, कारण ही गोष्ट कर्जतखेरीज दुसरीकडे अशी घडली नसती. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी शंभर किलोमीटर सपाटीवरून येते आणि कर्जतला थांबते. पुढे अठ्ठावीस किलोमीटरवर लोणावळा, आणि मध्ये बोरघाट. १८६३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. त्या वेळी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची वाट धरायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, ते स्टेशन गेलं, पाठोपाठ वीज आली. चढ मात्र तिथेच राहिला. म्हणून आजही बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून दोन-तीन इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. प्रवासी तेवढ्या वेळात वडापावसाठी खाली उतरतात, आणि मागे, शेवटच्या डब्याच्या पलीकडे, बँकर येऊन टेकतो तेव्हा गाडीभर एक हलका धक्का पसरतो. हातातला चहा हिंदकळतो, तेवढंच त्यांना कळतं.

कर्जतच्या मुलांना एक गोष्ट लहानपणीच शिकावी लागते. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईपासून लांब जाणारी डाऊन. त्यामुळे आमच्याकडे डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी घाट उतरते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना आम्हाला कोण अभिमान वाटायचा.

बँकरच्या ड्रायव्हरची जागा मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. त्याला पुढचा सिग्नल दिसत नाही, रूळ दिसत नाही. समोर असते ती शेवटच्या डब्याची पाठ. पुढच्या इंजिनावरचा माणूस शिट्टी देणार, याने त्याच शिट्टीने उत्तर द्यायचं आणि जोर लावायचा. नंतर वॉकीटॉकी आले, पण जोर लावायचा तो अजूनही दुसऱ्याच्या शब्दावरच. बोगद्यात शिरलं की डब्याची पाठही नाहीशी व्हायची. अण्णांनी या बँकरवर नऊ वर्षं काढली. डब्ल्यूसीजी-टू जातीच्या त्या जुन्या डीसी इंजिनांचा आवाज ते आमच्या ओट्यावर बसून ओळखायचे, आणि जोर कुठे कमी पडतोय तेही. लोणावळ्याला गाडी पोचवायची, सुटायचं, आणि मोकळं इंजिन घेऊन पुन्हा खाली यायचं. दिवसातून दोनदा, तीनदा. पुण्याला जाणारी गाडी त्यांनी हजारो वेळा ढकलली, पण मेल गाडीचा ड्रायव्हर म्हणून पुण्याच्या फलाटावर उतरायला त्यांना नोकरीची चोवीस वर्षं लागली.

ही चोवीस वर्षं कशी भरली ते समजायला शिडी समजली पाहिजे. वाफेच्या काळात माणूस क्लीनर म्हणून लागायचा, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. ब्रिटिश अमलात मेल गाड्यांच्या फूटप्लेटवर गोरे नाहीतर अँग्लो-इंडियन असायचे. आपल्या माणसाची शिडी बराच काळ फायरमनच्या फावड्यापाशीच संपायची. अण्णा १९७९ मध्ये लागले ते असिस्टंट ड्रायव्हर म्हणून. त्यानंतर शंटर, म्हणजे यार्डात डबे जोडणारा-तोडणारा. मग गुड्स. मग पॅसेंजर. आणि सगळ्यांत वर मेल. आता ड्रायव्हर हा शब्द कागदावरून गेला, लोको पायलट आला, पण पायऱ्या त्याच: सहायक, शंटिंग, गुड्स, पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस. मध्येच कुणी मोटरमन होऊन लोकलवर जातो, कर्जत-खोपोलीच्या फेऱ्या करतो, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतो. आमच्या भागात कित्येकांनी केवळ त्या जेवणासाठी मेलचा नाद सोडला.

आता नियम. एका बॅचमध्ये भरती झालेल्यांचा आपसातला क्रम ट्रेनिंग संपताना होणाऱ्या परीक्षेच्या गुणांवर ठरतो. बाविसाव्या वर्षी दिलेल्या त्या पेपरात दोन गुण कमी पडले तर ते दोन गुण साठाव्या वर्षापर्यंत पुढे राहतात. आमच्या शेजारचे काका अण्णांच्या दोन गुणांनी पुढे होते. वरच्या गाडीची एकच जागा रिकामी झाली की ती काकांची, आणि पुढची कधी होईल त्याची वाट अण्णांनी बघायची. दोघांनी एकमेकांच्या मुलींच्या लग्नात पंक्ती वाढल्या, पण ओळख करून देताना अण्णा कधी "हे आमचे शेजारी" म्हणाले नाहीत. म्हणायचे, "हे माझ्या पुढचे." आणि ज्यांचं नाव खाली होतं ते "माझ्या मागचे." या लोकांचं नातंच ते होतं. पुढचा आजारी पडला की भेटायला पहिला मागचा जायचा. लोक काहीबाही बोलायचे, की जागा कधी रिकामी होते ते बघायला गेला. मी त्या घरांत वाढले आहे आणि मला ठाऊक आहे की ते खरं नव्हतं. अठरा वर्षं ज्याच्या पाठीमागे उभं राहिलं त्याची चाल, त्याचा खोकला, सगळं माणसाला पाठ झालेलं असतं.

दुसरा नियम अधिक कठोर. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात बदली मागितली तर तिथल्या यादीत तुम्ही तुमच्या ग्रेडमध्ये सगळ्यांत खाली जाता. लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायच्या जागी, याला बॉटम सिनिऑरिटी म्हणतात. खालापूर तालुक्यातला एक मुलगा दूर विदर्भाकडे भरती झाला, अकरा वर्षं तिकडे गेली, इकडे आई अंथरुणाला खिळली. तो अर्ज करून आला. ज्या सकाळी तो लॉबीत हजर झाला त्या सकाळी त्याच्या पुढे यादीत तेवीस वर्षांची पोरं होती. या पुस्तकातलं सगळ्यांत शांतपणे सांगितलेलं निवेदन त्याचं आहे. तो म्हणतो की अकरा वर्षं आईला दिली असं मी समजतो. मला ते वाचून पुढे काही वेळ काम सुचलं नाही. याच्या उलट, बढती आली आणि तिच्यापायी गाव सोडावं लागत असलं, तर नाही म्हणता येतं. पण मग वर्षभर नाव विचारात घेत नाहीत, आणि त्या वर्षात जे मागचे वर चढले ते कायमचे पुढचे होतात. कर्जतच्या किती घरांत रात्री जेवणं झाल्यावर यावर बोलणं झालं असेल! मुलांची शाळा, शेताचा तुकडा, म्हातारे आईवडील एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने मोजलेला तो आकडा.

कधी कधी कुणाचाही दोष नसताना सगळी यादीच जागच्या जागी गोठते. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं. बातमी आली त्या मे महिन्यात ज्यांच्या निरोप समारंभाचे हार सांगून झाले होते ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांना दोन वर्षं मिळाली, आणि त्यांच्या मागच्या प्रत्येकाची दोन वर्षं गेली. वयामुळे कुणी घरी जाईना, म्हणून जागा रिकामी होईना. तेव्हा अण्णांच्या पुढे चारच नावं उरली होती. सलग चोवीस महिने, दर एक तारखेला, ते चळत खाली काढायचे, बघायचे आणि तशीच परत टांगायचे. पेन्सिल मात्र टोक करून ठेवायचे.

यादी हे शिक्षेचंही हत्यार होऊ शकतं. १९७४ चा रेल्वे संप ८ मे ते २७ मे असा वीस दिवस चालला. त्याच्या आदल्या वर्षी लोको रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्यूटीसाठी काम थांबवलं होतं. संप मोडला तेव्हा हजारो लोक बडतर्फ झाले, कित्येकांच्या नोकरीत खंड दाखवला गेला. खंड म्हणजे ब्रेक इन सर्व्हिस. बाहेरच्या माणसाला तो नुसता कागदावरचा शब्द वाटेल. ज्याचं सगळं आयुष्य एका तारखेपासून मोजलं जातं, त्याला विचारा. १९७७ मध्ये आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी या लोकांना परत घेतलं. आमच्या भागातल्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरात दंडवत्यांचं नाव अजून ज्या आदराने घेतलं जातं त्याचं कारण कोकण रेल्वेच्या आधीचं, हे आहे.

आणि अशाच यादीत थांबलेल्या सुरेखा यादव. साताऱ्याच्या, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकलेल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, तेव्हा आशियात या कामावर दुसरी बाई नव्हती. त्यांचं नाव निघालं की लोक पहिली, पहिली एवढंच म्हणतात. मला त्यांच्या तारखा अधिक बोलक्या वाटतात. १९८९ मध्ये नियमित सहायक. नव्वदच्या दशकात मालगाडी. २००० मध्ये लोकलवर. २०१० मध्ये घाटाचं खास प्रशिक्षण घेऊन घाटचालक. ८ मार्च २०११ ला पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन, आणि त्याच वर्षी मेल-एक्स्प्रेसची बढती. १९८९ ते २०११. पहिल्या असण्याने यादीतला एकही नंबर वर सरकला नाही, बावीस वर्षं त्याही थांबल्या, आणि मधला दहा वर्षांनी आलेला टप्पा हा आमचा घाट होता. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. ती गाडी बँकर न लावता घाट चढते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. कुणाच्या तरी कॅलेंडरमागच्या यादीत त्या दिवशी एक हलकी रेघ ओढली गेली असेल.

आता विमानाकडे येते. माझा भाचा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. खांद्यावर तीन पट्ट्या, चौथी कॅप्टनची. तो पहिल्यांदा गणवेशात कर्जतला आला तेव्हा ओट्यावर शेजारपाजार जमला. अण्णांनी विमान किती उंच जातं, पगार किती, काही विचारलं नाही.

"तुमच्याकडे लिस्ट असते का रे?"

"असते ना, आजोबा. सिनिऑरिटी लिस्टच म्हणतात."

"मग तुझा नंबर कितवा?"

त्या दोघांचं बोलणं दुपारपर्यंत चाललं आणि मला या पुस्तकाची कल्पना तिथे सुचली. पायऱ्या निराळ्या, पण शिडी तीच. दोनशे तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळतो. कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला पंधराशे तास लागतात. तास भरले म्हणून खुर्ची मिळत नाही. जागा हवी आणि आपला नंबर यायला हवा. कंपनी भराभर विमानं घेत असेल तर नंबर लवकर येतो. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा उजव्या खुर्चीतल्या हजारो मुलांनी आपापले हिशेब नव्याने मांडले असतील. कंपनी थबकली तर माणूस तीन पट्ट्यांवरच पिकतो. आणि कंपनी बंद पडली तर? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर. वीस-वीस वर्षं उडवलेली माणसं दुसऱ्या कंपनीत गेली. त्यांचा अनुभव जमेस धरला गेला, पण यादीतला नंबर जुन्या कंपनीबरोबरच संपला. नव्या यादीत शेवटचं नाव त्यांचं. अण्णा म्हणाले, "म्हणजे बॉटम सिनिऑरिटी." भाच्याला तो शब्द माहीत नव्हता, पण अर्थ लगेच कळला.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा दोन याद्या एक कराव्या लागतात, आणि त्यासारखं अवघड काम नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. दोन्हींकडच्या कर्मचाऱ्यांची सांगड घालायला न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. तरीही २०१२ च्या मे महिन्यात, नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुणाला आधी मिळणार यावरून, एका बाजूच्या पायलटांनी संप केला तो ५८ दिवस चालला. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. विमानांवर एक रंग चढला, पण पायलटांची यादी दहा वर्षांहून जास्त काळ एक होऊ शकली नाही. तिथे तर नंबरावर सगळंच ठरतं: कोणतं विमान, कोणतं शहर, नाताळात घरी की हवेत. आणि तिथेही २००७ च्या डिसेंबरात निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं आणि उजव्या खुर्च्यांतले लोक जागच्या जागी थिजले. कर्जतचे चोवीस महिने, त्यांचे साठ.

सगळीकडे माणसं इतकं सोसतात, तर ही पद्धत मोडून का टाकत नाहीत? हुशार माणूस सामान्याच्या मागे का उभा करायचा? मी खोपोलीला ज्या शाळेत शिकवते तिथले तरुण शिक्षक मला हेच विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर लोणावळ्यातल्या एका पावसाळी रात्रीचं आहे.

अण्णा तेव्हा गुड्सला नवे होते. मालगाडी घाट उतरवून आणायची होती. बोरघाटात उतरणीला गाडी सुसाट सुटलीच तर तिला अडवायला कॅच सायडिंग आहेत. ठाकूरवाडीला मार्ग मुळात त्या चढत्या सायडिंगकडेच लावलेला असतो, गाडी आधी थांबली पाहिजे, मग तिला पुढची वाट मिळते. पण तिथपर्यंत सगळी भिस्त ब्रेकवरच. अण्णांना ब्रेक लावल्यावर गाडी दबताना हातात जे जाणवायला हवं ते जाणवेना. ते म्हणाले, मी निघत नाही. मागे मेल खोळंबली. फोनवर कंट्रोल. कागद बरोबर आहे, ब्रेक पॉवर पुरेशी लिहिलेली आहे, तुम्ही निघा. अण्णा म्हणाले, "लेखी द्या, निघतो." पलीकडून आवाज चढला. नाव विचारलं, नोकरीची वर्षं विचारली. अण्णांनी दोन्ही सांगितलं आणि पुन्हा म्हणाले, "लेखी द्या." लेखी कुणी दिलं नाही. टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारे, कंदील घेऊन पावसात वाघिणीखाली वाघिणी तपासत गेले. सात वाघिणींचे ब्रेक धरत नव्हते. पन्नास मिनिटं गेली आणि गाडी नीट खाली आली.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला अण्णांनी चळत काढली. त्यांचा नंबर होता तिथेच होता. त्या रात्री फोनवर चढलेल्या आवाजाला तो खाली सरकवता आला नाही, आणि दुसऱ्या कुणी खूश होऊन तो वरही सरकवला नाही. मला यात त्या जाड, गंजक्या टाचणीच्या कागदांचं सगळं मोल दिसतं. ज्याची बढती साहेबाच्या मर्जीवर असते त्याला त्या रात्री मुलीची फी आठवते. हवा बिघडल्यावर विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवणाऱ्या कॅप्टनलाही हेच लागू आहे. इंधन जळतं, प्रवासी चिडतात, कंपनीचा खर्च वाढतो, आणि तरी वळवायचं. 'नाही' म्हणण्याची ताकद कुठल्याही कौशल्याइतकीच मोलाची आहे, आणि यादी ती प्रत्येकाला सारखी देते, हुशाराला आणि सामान्याला, वशिल्याच्याला आणि खालापूरच्या वाडीवरून आलेल्यालाही.

शिवाय नंबर आला म्हणजे गाडी हातात आली असं नाही. नंबर फक्त पहिली संधी देतो. पुढे परीक्षा, सायको टेस्ट, ए-वन मेडिकल. डोळे पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी तपासतात, पंचावन्नपर्यंत दर दोन, पुढे दरवर्षी. रंग ओळखण्यात चूक झाली की एका दुपारी इंजिन सुटतं आणि माणूस कुठल्या तरी कचेरीत टेबलापाशी बसतो. नवा मार्ग दिवसा आणि रात्री शिकून, सही करून मगच एकट्याने चालवायचा. पायलटांना सिम्युलेटर. या चाळण्या कडकच असाव्यात, आणखी कडक झाल्या तरी माझी तक्रार नाही. रांग सरळ असावी आणि दार अरुंद असावं, असं मला वाटतं.

तरीही जे गेलं ते गेलंच, आणि या पुस्तकात ते झाकलेलं नाही. पूर्वी रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय यायचा. टॉर्च, हातात कॉल बुक, दाराची कडी वाजवून हाक. अण्णा झोपेतच सही करायचे. आई तोवर पीठ मळायला बसलेली असायची. गणपतीची रजा सिनिऑरिटीने मिळायची, म्हणून अण्णांच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांत आमच्या घरी आरतीचं ताट आई धरायची आणि विसर्जनाला मूर्ती काका, म्हणजे 'पुढचे', डोक्यावर घ्यायचे. अण्णांना हक्काची रजा मिळू लागली तोवर ताई सासरी गेली होती आणि मी पुण्याला होते. दोघंच आरती म्हणायचे. आईने हे मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि लगेच विषय बदलला. पुस्तकातला बायकांनी सांगितलेला भाग मी मुद्दाम मोठा ठेवला आहे. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

नेरळच्या एका मावशींचं निवेदन जरूर वाचा. नवरा मेलला लागला त्या दिवशी त्या लोणावळ्याला जाऊन फलाटावर उभ्या राहिल्या. गाडी तिथे दोनच मिनिटं थांबणार होती. त्यांनी खिडकीतून डबा दिला, नवऱ्याने घेतला, आणि दोघं काही बोललेच नाहीत. सत्तावीस वर्षांनी आलेली दोन मिनिटं.

आता कॉल मोबाइलवर येतो, लॉबीत आधी श्वासाची तपासणी होते, याद्या संगणकावर असतात. पनवेल-कर्जत लोहमार्गाचं काम सुरू झालं, पनवेलच्या पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला, आणि खोपोलीच्या माझ्या वर्गातली मुलं आता "पायलट" म्हणतात तेव्हा मला विचारून घ्यावं लागतं, रुळावरचा की आभाळातला. दोन्हींसाठी हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावं असं मनात आहे.

अण्णा निवृत्त होऊन काही वर्षं झाली. चळत अजून खिळ्याला आहे. मधल्या काळात भाचा पुन्हा आला होता. अण्णांनी त्याला बसवून घेतलं.

"तुझ्या पुढचा कोण?"

"नाव नाही माहीत, आजोबा. नंबर माहीत आहे."

अण्णा काही वेळ गप्प राहिले. "नाव काढ," म्हणाले.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्याला दोन मुली आहेत, धाकटी यंदाच शाळेत जायला लागली, असंही सांगितलं. अण्णांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, कॅलेंडर उचललं, यादीच्या शेवटच्या पानाची कोरी पाठ शोधली आणि ते नाव पेन्सिलीने तिथे लिहिलं. त्याच्याखाली एक जागा सोडून भाच्याचं.